आकडा

लेकीनं बेंगलोरहून बाटली पाठवली,
आर्वीपर्यंत कुरियरनं, पुढे दुधाच्या गाडीत.
साठ कॅप्सूल. शेंदरी, मऊ.
उजेडात धरली की आत तेल हलतं,
डीपीच्या टाकीत काडी बुडवून बघायचो
तेव्हा हलायचं तसं.

फोनवर तिनं समजावलं:
बाबा, पेशीपेशीत बारीक वीजघरं असतात,
हृदयात सगळ्यात दाट, त्याला सुट्टीच नाही.
वीज बनते तिथं ठिणग्याही उडतात.
ठिणग्यांनी घर जळू नये म्हणून हे.
मी म्हटलं, म्हणजे अर्थिंग.
ती हसली. तसंच काहीतरी, म्हणाली.

छत्तीस वर्षं लाइनमन होतो, रोहणा ते खरांगणा.
कुठल्या खांबावर साळुंकीचं घरटं,
कुठला ताण सैल, तोंडपाठ.
गेल्या पोळ्याला छाती भरून आली.
सेवाग्रामला मांडीतून तार घातली
न् बंद पडलेला फीडर चालू केला.
मी जागाच होतो. पडद्यावर बघत होतो.

चांडक मेडिकलवाल्यानं बाटली फिरवून फिरवून वाचली.
"चांगलं हाय काका, पण हे पाहा."
नखाखाली मुंगीएवढी अक्षरं:
औषधी उपयोगासाठी नाही.
"रक्त पातळ करायची गोळी चालू हाय ना?
डॉक्टरले पुसून घ्या आधी."
डॉक्टर म्हणाले, घ्या. नाही घेतली तरी चालेल.
बाकीच्या गोळ्या मात्र चुकवू नका.

तिसाव्या रात्री रीडिंग घेतलं. सवय जात नाही.
साठातून तीस गेल्या, उरायला हव्या तीस.
होत्या सव्वीस.

चोऱ्या मी पुष्कळ पकडल्या.
लग्नाच्या मांडवात, गिरणीच्या मागं,
बाभळीच्या फांदीआड लपवलेला आकडा.
एकदा एका बाळंतिणीच्या झोपडीवर होता,
आत एक पिवळा बल्ब.
मी मान वर केली नाही,
सायकल पुढे काढली.

घरात माणसं दोन.
वत्सलाला विचारलं नाही. नुसतं पाहत राहिलो,
खांब पाहावा तसा, पायथ्यापासून वर.
टाकीवरून दोन गुंड आणते,
उंबऱ्याशी थांबते, काही विसरल्यासारखी,
गुंड न उतरवता दाराला टेकते.
अंबाडीची पानं खुडता खुडता
मध्येच हात ठेवते मांडीवर.
"गर्मी हाय," म्हणते.
मे महिना, सेहेचाळीस अंश. कोण नाही म्हणेल?

मग एका रात्री, कूलरच्या घरघरीत, स्वतःच:
"चार घेतल्या मी. तुमच्या बाटलीतल्या.
ज्या दिवशी लयच जीव घाबरला, त्या दिवशी.
तीस रुपयाची एक हाय म्हणे,
म्हणून जास्त नाही घेतल्या."
"सांगितलं काऊन नाही?"
"तुमचं आत्ताच झालं होतं.
एका घरात दोघं कसे बिमार पडावं?"

एका फेजवर सगळं घर चाललं होतं:
माझ्या गोळ्यांची वेळ, लेकीची दोन बाळंतपणं,
म्हैस, सरपण, माझ्या मामंजींची शेवटची तीन वर्षं.
फ्यूज उडत नव्हता,
म्हणून मी समजलो, लोड नाही.

सकाळच्या एसटीनं आर्वी.
नर्सनं छातीला चिमटे लावले,
ती लाजून छताकडे बघत राहिली.
कागद सरकत बाहेर आला,
गुलाबी चौकटींवर बारीक काळी लाइन.
जन्मभर लाइन वाचली मी. ही वाचता येईना.
डॉक्टर म्हणाले, सेवाग्रामला एको करून घ्या.
घाबरू नका. उशीरही करू नका.

स्टँडवर एक बाई दोन्यात चारं विकत होती,
काळीजांभळी, धूळ बसलेली.
वत्सलानं एक दोना घेतला, पदरानं पुसत म्हणाली,
"यात असते का हो ते, ठिणग्याचं?"
मला माहीत नव्हतं.
"तीनशे रुपये घेतले त्या कागदाचे," ती म्हणाली
न् अर्धी चारं माझ्या रुमालात ओतली.